जुन्या घरात म्हाताऱ्या माणसांच्या खोलीला जोडून बाथरूम काढताय? या चुका टाळा

कुडाळजवळचं आमचं घर जांभ्या चिऱ्याचं, कौलारू. न्हाणी मागच्या दारी आणि संडास त्याच्याही पलीकडे, माडांच्या रांगेत. बाबांनी अठ्ठ्याहत्तरी गाठली, रात्री दोन-तीनदा उठावं लागू लागलं. आषाढातल्या पावसात एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात छत्री आणि पायाखाली शेवाळलेल्या पायऱ्या, याची आम्हा सगळ्यांना रोज रात्री धास्ती वाटायची. शेवटी त्यांच्या खोलीला जोडून बाथरूम काढलं. त्या कामात आमच्या हातून झालेल्या आणि नंतर आसपासच्या घरांत पाहिलेल्या चुका लिहिते आहे.

जागा खोली बघून ठरवणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. खोलीची उत्तरेकडची भिंत मोकळी होती, म्हणून बाथरूम तिकडेच काढायचं हे आम्ही घरात बसून ठरवून टाकलं. मेस्त्री आले, त्यांनी लेव्हलची नळी लावली आणि एकच प्रश्न विचारला, “टाकी खंय येतली?” उत्तरेला दरड. अंगण तिकडे चढत जातं. म्हणजे सेप्टिक टाकी चढावर आणि कमोड उतारावर.

संडासाच्या चार इंची पाइपला साधारण ४० फुटांमागे १ फूट ढाळ लागतो. टाकी ३० फुटांवर असेल तर पाइपचं दुसरं टोक ९ इंच खाली जाणार. टाकीचं तोंड त्याहून खाली, आणि शोषखड्डा (टाकीतून निघालेलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) आणखी खाली. हे गणित जोत्याच्या उंचीत बसतं की नाही ते आधी बघायचं. बसत नसेल तर बाथरूमची जागा बदलायची. ढाळात तडजोड केली की पाइप वर्षाच्या आत तुंबायला लागतो आणि मग दर पावसाळ्यात बांबूच्या कांबी घेऊन कोणीतरी चेंबरवर उभं राहतं.

दुसरी गोष्ट विहिरीची. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे ६० फूट लांब हवा. कोकणात मी यापेक्षाही जास्त अंतर ठेवा म्हणेन, कारण जांभा सच्छिद्र असतो आणि त्यातून पाणी झरझर पुढे जातं. आपल्या विहिरीपासून मोजतानाच शेजाऱ्यांची विहीर गडग्यापलीकडे किती फुटांवर आहे तेही मोजा.

आमचं बाथरूम शेवटी पश्चिमेच्या भिंतीला गेलं. बाबांचा पलंग आणि कपाट हलवावं लागलं. पलंग हलतो, दरड हलत नाही.

आंघोळीचं पाणी टाकीत सोडू नका. टाकी तेवढी मोठी बांधलेली नसेल तर पाण्याच्या लोंढ्याबरोबर मैला कुजायच्या आधीच पुढे ढकलला जातो. हे पाणी वेगळ्या पाइपने केळींना, माडांना द्या. कमोडमध्ये ॲसिड आणि फिनेल रोज ओतण्याची सवय असेल तर ती मोडा. टाकीतले जिवाणू मेले की टाकी म्हणजे नुसताच साठवणीचा हौद होतो.

नवं बांधकाम जुन्याला नुसतं चिकटवणं

नव्या जोत्यात मातीचा भराव एकदम भरून लगेच फरशी घातली, तर पहिल्याच पावसाळ्यानंतर ती एका कोपऱ्यात बसते. मग ढाळ उलटा होतो आणि पाणी दाराकडे येतं. भराव सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, धुमसानं ठोकूनच भरायला हवा. शक्य असेल तर जोतं एक पावसाळा तसंच बसू द्यावं.

जुन्या चिऱ्याची भिंत आणि नवी भिंत यांच्या सांध्यात चीर पडतेच, कारण जुना पाया बसून चुकलेला असतो आणि नवा अजून बसायचा असतो. सांधा सिमेंटने लिंपून उपयोग नाही. आमच्याकडे पाऊस ३००० मिलिमीटरच्या घरात पडतो. जुन्या कौलांचं पाणी बाथरूमच्या स्लॅबवर पडत असेल तर तिथे पन्हळ हवीच, आणि स्लॅब जुन्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतरता हवा. आणखी एक: बाथरूम बांधताना झोपायच्या खोलीची एकुलती एक खिडकी बुजत नाही ना, हे बघा. आमच्या ओळखीत एका घरी बुजली. आता त्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो.

वाढीव बांधकामाबद्दल ग्रामपंचायतीत आधी विचारून घ्या. नंतर घरपट्टीच्या वेळी हा विषय निघतोच.

दार अडीच फुटांचं

सगळे सुतार बाथरूमचं दार अडीच फुटांचं धरतात. चौकट वजा केली की मोकळी जागा सव्वादोन फूट उरते. आज चालणाऱ्या माणसाला ती पुरते, उद्या वॉकर आला की हात घासतात आणि व्हीलचेअर जातच नाही. तीन फूट ठेवा. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असू द्या. आत माणूस पडला आणि दार आत उघडणारं असेल, तर तो स्वतःच दाराला अडसर होतो. कडीही बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी घ्या. लाकडी दार पावसाळ्यात फुगतं, म्हणून पीव्हीसी किंवा फायबरचं बरं.

उंबऱ्याबद्दल मात्र घरोघरी वाद होतात. उंबरा नसेल तर पाणी खोलीत येईल असं आईचं म्हणणं. पण पाणी उंबऱ्याने अडत नाही, ढाळाने जातं. बाथरूमची फरशी खोलीपेक्षा अर्धा इंच खाली, ढाळ दारापासून दूर आणि जाळी शॉवरच्या खाली असेल तर उंबरा लागत नाही. फरशी बसवल्यावर, मेस्त्रीचा हिशेब चुकता करण्याआधी, चार कोपऱ्यांत बादलीभर पाणी ओता. दहा मिनिटांनी कुठे डबकं राहिलं तर तिथेच खडूची खूण करून ती फरशी उकलून घ्या. नंतर कोणी येत नाही.

कमोड नंतर आणणं

पाइप आधी गाडला आणि कमोड शेवटी दुकानातून आणला की हमखास अंतर चुकतं. खाली तोंड असलेल्या कमोडला भिंतीपासून ९ किंवा १२ इंच लागतात, आणि ते अंतर टाइल्स लागल्यानंतरच्या भिंतीपासून मोजायचं असतं. प्लास्टर आणि टाइल मिळून दीड इंच खातात. कमोड आधी विकत घ्या, गोणपाटात गुंडाळून पडवीत ठेवा. म्हाताऱ्यांसाठी बैठक जमिनीपासून १७-१८ इंच उंच हवी, म्हणजे उठताना गुडघ्यांवर भार कमी येतो.

धरायची दांडी चिऱ्याच्या भिंतीत नुसत्या स्क्रूवर बसवू नका. जांभा मऊ असतो, भार पडला की स्क्रू भुगा घेऊन बाहेर येतो. भिंत उचलतानाच दांडीच्या जागी काँक्रीटचा ठोकळा घाला. भिंत जुनीच असेल तर आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी लावा.

गॅस गीझर आत

हा मुद्दा कृपा करून घाईत वाचू नका. जळता गॅस बंद खोलीतला प्राणवायू खातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि ओरडायची ताकदही राहत नाही. मागच्या दारच्या जुन्या न्हाणीला कौलातून, झडपांतून वारा होता. नव्या टाइल्सच्या बाथरूमला तो नसतो. “एक्झॉस्ट पंखा आहे ना” हे उत्तर नाही. गॅस गीझर बाहेर, मोकळ्या पडवीत किंवा बाहेरच्या भिंतीला लावा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणा. पाण्याचा बंब किंवा कोळशाची शेगडी थंडीत आत आणू नका.

विजेचा गीझर असेल तर त्याला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारं बटण) आणि खरं अर्थिंग लागतं. घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारी कळ, बसवा. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण आतली अर्थिंगची तार कुठेच गेलेली नसते. वायरमनकडून तपासून घ्या.

बांधून झालं आणि आता त्रास होतोय

वास येत असेल तर आधी जाळीत दोन तांबे पाणी ओता. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये वास अडवायला पाणी साठलेलं असतं, वापर नसला की ते सुकतं आणि वास थेट वर येतो. पाणी ओतूनही वास राहिला, किंवा फ्लश केल्यावर जाळीत गडगड आवाज होत असेल, तर पाइपला हवेची नळी नाही असं समजा. ती नळी कौलांच्या वर नेऊन तोंडाला जाळी लावायला हवी. सांडपाण्याच्या बाहेरच्या तोंडालाही जाळी लावा, नाहीतर उंदीर आणि त्यांच्या मागोमाग साप आत येतात.

खोलीच्या बाजूला भिंत ओली दिसत असेल तर लगेच वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावू नका. दोन दिवस बाथरूम वापरू नका, नळ बंद ठेवा, पण पाइपचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा. ओल वाढली तर भिंतीतला पाइप गळतोय. मग दोन दिवस पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून फरशीवर बादल्यांनी आणलेलं पाणी तुंबवून ठेवा. आता वाढली तर फरशीचा सांधा. दोन्ही वेळा तशीच राहिली आणि पावसात वाढली, तर दोष बाथरूमचा नाही, छताचा आहे. आमच्याकडे दोष छताचाच निघाला, तोवर एका घाईच्या सल्ल्यावरून चार टाइल्स फुटल्या होत्या. या भिंतीला कपाट टेकवू नका, चार इंच हवा राहू द्या.

शॉवर मंद येतो अशी तक्रार असेल तर वरच्या पाण्याच्या टाकीची उंची बघा. शॉवरपेक्षा टाकी १० फूट वर असली तरी दाब जेमतेम ०.३ बार मिळतो, आणि मोठ्या पावसासारख्या शॉवरला तो पुरत नाही. साधा हातात धरायचा शॉवर घ्या. स्टुलावर बसून आंघोळ करणाऱ्याला तोच सोयीचा पडतो.

बाथरूमचा दिवा इन्व्हर्टरवर घ्या, आणि त्याचं बटण पलंगावरून हात पोचेल तिथे.

आम्ही एक गोष्ट उशिरा केली, ती तुम्ही पाया खणायच्याही आधी करा. नियमाने संडास-बाथरूम एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे ३० चौरस फूट लागतं. कागदावर ते पुरेसं वाटतं. आम्ही खळ्यात रांगोळीने पाच फूट बाय आठ फूट आखलं, कमोडच्या जागी खुर्ची, बेसिनच्या जागी स्टूल ठेवलं आणि बाबांना काठी घेऊन आत जायला सांगितलं. ते दारातून आले, खुर्चीवर बसले, उठले, वळले आणि वळता वळता त्यांचा डावा हात हवेत काहीतरी शोधू लागला. “इथं धरायला काय नाही,” ते म्हणाले. आमच्या नकाशात दांडी उजवीकडे होती. आता ती डावीकडे आहे.