गाडीचा आवाज टिपताना माईक कुठे लावावा

गाडीच्या चित्रफिती करणाऱ्या आपल्या गोव्यातल्या तरुणांचे चित्रीकरण आता खरोखर पाहण्याजोगे झाले आहे. मांडवीवरच्या अटल सेतूवरून जाणारी गाडी, सांजवेळचा उजेड, रंगांची जुळणी, सारे नीट असते. आणि मग आवाज सुरू होतो, तेव्हा गाडी धावते आहे की कोणी पत्र्याच्या डब्यात मिक्सर लावला आहे, हे कळेनासे होते. यावर जो तो एकच सल्ला देतो, की महागडा माईक घ्या. हा सल्ला मानून मी स्वतः पैसे घालवून बसलो आहे, म्हणून स्पष्ट सांगतो, की योग्य जागी लावलेला साधा कॉलर माईक चुकीच्या जागी लावलेल्या महागड्या माईकपेक्षा गाडीचा आवाज कितीतरी खरा टिपतो.

दोन कॉलर माईक, त्यांच्या वारा अडवणाऱ्या केसाळ टोप्या, दोन्ही माईक जोडता येतील असा छोटा रेकॉर्डर, कापडी टेप, कान झाकणारे हेडफोन, थोडी लोकर आणि एक जुनी हवाई चप्पल एवढे साहित्य पुरते. चपलेचे काम पुढे येईल. फोनवर किंवा कॅमेऱ्याच्या आपोआप पातळी ठरवणाऱ्या सोयीवर मात्र विसंबू नये. ती सोय माणसाच्या बोलण्यासाठी केलेली असते, त्यामुळे आवाज वाढला की ती त्याला खाली दाबते आणि कमी झाला की वर ओढते. इंजिन चढत जाते तेव्हा नेमका तो चढच त्यात नाहीसा होतो.

सायलेन्सर कंपनीचाच असावा. बाजारातला फटफट्या सायलेन्सर लावून आणलेली गाडी टिपण्यास मी नकार देतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली ध्वनिमर्यादा ओलांडणाऱ्या वाहनावर कारवाई होते हे एक कारण, आणि असा सायलेन्सर नुसता फाटका आवाज काढतो हे दुसरे.

जागा आणि वेळ

रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ, तसेच रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा शांतता परिसर टाळावा. मी रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास वेर्ण्याच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या सरळ आणि किंचित चढाच्या रस्त्यावर जातो. दोन्ही बाजूंनी जांभ्या चिऱ्यांच्या भिंती असलेला रस्ता घेऊ नये, कारण आवाज भिंतीवर आपटून परत येतो. घाटही नको; तिथे कड्यावरून आवाज उलटतो, मागून ट्रक येत असतात आणि थांबायला जागा नसते. गावाच्या जवळ असाल तर पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, फेरी होऊन जाऊ द्यावी. त्याच्या सायकलच्या भोंग्याने माझे दोन चांगले तुकडे वाया गेले आहेत आणि त्याबद्दल त्याला काही बोलण्याचा मला अधिकार नाही. पावसाळ्यात हे काम करूच नये, कारण ओल्या रस्त्यावर टायरची सळसळ बाकी सगळे आवाज झाकून टाकते.

थंड इंजिनाची सुरुवात

हा आवाज दिवसातून एकदाच मिळतो. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू होताना इंजिन काही वेळ जास्त फेऱ्यांवर चालते आणि मग हळूहळू खाली उतरते. त्या उतरण्यासकट निदान दोन मिनिटे टिपावे. त्यासाठी आदल्या रात्रीच माईक लावून ठेवावा आणि गाडी उघड्यावर ठेवावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

धावत्या गाडीच्या मागे माईक

या एका पायरीने माझी दोन वर्षे खाल्ली. पहिल्या प्रयत्नात मी माईक बंपरच्या खाली, सायलेन्सरच्या टोकामागे वीतभर अंतरावर, अगदी त्याच्या सरळ रेषेत लावला होता. जवळ लावला की आवाज मोठा येईल, असा माझा भाबडा हिशेब होता. सड्यावर चार फेऱ्या मारून परत आलो तेव्हा माईकवरचा स्पंज वितळून फणसाच्या चिकासारखा लोंबत होता आणि रेकॉर्डरवर भर्रऽऽ अशा एकाच आवाजाखेरीज काही नव्हते. सायलेन्सरमधून नुसता आवाज येत नाही, गरम वायूचा झोतही येतो, आणि तो झोत माईकच्या पडद्यावर आदळला की पडद्याला तो वाराच वाटतो. म्हणून माईक टोकाच्या सरळ रेषेत कधीही नसावा. टोकापासून निदान ४० ते ५० सेंटीमीटर दूर आणि बाजूला असावा.

दुसऱ्या वेळी मी माईक बाजूला घेतला, पण बंपरच्या खालीच ठेवला. झोत टळला आणि त्याच्या जागी वारा आला. मी मोठी केसाळ टोपी घातली, तिच्यावर आणखी एक घातली, तरीही ताशी ४० च्या पुढे तीच भर्र ऐकू येई. तेव्हा कोणीतरी सांगितले, की रेकॉर्डरवर खालचे स्वर कापण्याची सोय असते, ती ८० किंवा १०० हर्ट्झवर चालू करावी. वारा पुष्कळ कमी झाला आणि गाडीची मच्छर मारण्याची बॅट झाली.

हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो, म्हणून तो का वाईट आहे ते सांगतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेरीत दोन स्फोट होतात. मिनिटाला ९०० फेऱ्यांवर उभ्या असलेल्या इंजिनाचे सेकंदाला ३० स्फोट झाले, म्हणजे त्याचा मूळ स्वर ३० हर्ट्झचा. २,४०० फेऱ्यांना हा स्वर ८० हर्ट्झवर पोहोचतो आणि ३,००० ला १०० वर. आज रस्त्यावर दिसणाऱ्या अनेक छोट्या गाड्या तीन सिलिंडरच्या आहेत आणि त्यांचा स्वर ३,००० फेऱ्यांनाही ७५ हर्ट्झवरच असतो. ८० च्या खालचे सगळे कापून टाकायचे म्हणजे गाडीचा घसाच कापायचा. वाऱ्याचा त्रासही याच खालच्या स्वरांत असल्यामुळे यंत्राला दोन्हींत फरक करता येत नाही. तेव्हा वारा कापण्याच्या भरीस न पडता जिथे वाराच नाही अशी जागा शोधावी.

ती जागा अंदाजाने सापडत नाही, लोकरीने सापडते. बोटाएवढ्या लांबीचे पंधरा-वीस तुकडे कापून बंपरच्या खाली, कडांना, डिकीच्या झाकणावर आणि नंबर प्लेटच्या खोबणीत एका टोकाने चिकटवावे. मग गाडी ताशी ५० ने चालवावी आणि सुरक्षित अंतर ठेवून मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीत चालकाशेजारी बसलेल्याने ते चित्रित करावे. मी प्रथम हे केले तेव्हा बंपरखालचे धागे आडवे होऊन थरथरत होते आणि कडेचे धागे चाबकासारखे फटकारे मारत होते. नंबर प्लेटच्या वर, दिवा असतो त्या खोबणीच्या सायलेन्सरकडच्या कोपऱ्यात मात्र दोन धागे नुसते झुलत होते, झोपाळ्यावर बसलेल्या माणसाच्या पायांसारखे. माझा माईक आता तिथे जातो. तुमच्या गाडीत ही जागा तीच असेल असे धरून चालू नये. डिकी बाहेर आलेल्या सेडानमागचा वारा आणि सपाट पाठीच्या हॅचबॅकमागचा वारा वेगळा वागतो. प्रत्येक नव्या गाडीला मी लोकर लावतोच, मग मालक कितीही हसो.

आता चप्पल. माईक बंपरवर थेट चिकटवला की तो हवेतल्या आवाजाबरोबर बंपरची थरथरही टिपतो आणि आवाजाला डब्यासारखा घुमारा येतो. हवाई चपलेच्या तळाचा काड्यापेटीएवढा तुकडा कापून, त्यात खाच करून, माईक त्या खाचेत दाबून बसवावा. त्यावर स्पंज, स्पंजावर केसाळ टोपी. टेप चपलेच्या तुकड्यावरून आणि वायरवरून जावी, माईकच्या तोंडावरून नव्हे, आणि नंबर प्लेटचा एकही आकडा झाकला जाता कामा नये. टेप लावण्याआधी तिथला लाल धुरळा आणि सकाळचे दव पुसून जागा कोरडी करावी, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात माईक रस्त्यावर घासत जाईल. बंपर गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेला असेल तर टेप रंगावर लावूच नये. माझ्या हातून एकदा टेपेबरोबर तळहाताएवढा रंग निघून आला, आणि त्या गाडीच्या मालकाने मला अजून दुसरी गाडी दिलेली नाही. वायर डिकीच्या रबरी कडेखालून आत घ्यावी आणि रेकॉर्डर डिकीत, टॉवेलात गुंडाळून ठेवावा.

पातळी

रेकॉर्डर २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर ठेवावा. सर्वांत मोठ्या क्षणी काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास यावा, आणि हे उभ्या गाडीवर न ठरवता चढावर एक फेरी मारून ठरवावे. झूम एफ३ सारख्या, फार मोठा आवाजही न फाटता साठवणाऱ्या ३२ बिट फ्लोट रेकॉर्डरवर पातळीची चिंता उरत नाही असे सांगितले जाते. ते रेकॉर्डरपुरते खरे आहे. माईक स्वतःच गुदमरला तर तो फाटका आवाज कोणताही रेकॉर्डर दुरुस्त करू शकत नाही. ओळखण्याची खूण अशी, की पातळी पुष्कळ खाली आणूनही तडतड तशीच राहिली तर दोष माईकपाशी आहे. मग अंतर वाढवावे; मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो.

इंजिनावर ओझे

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून रेस देणे आणि तोच आवाज धावत्या दृश्यावर चिकटवणे, ही फसवणूक कानाला लगेच कळते. अनेक नव्या गाड्या उभ्या असताना फेऱ्या ४,००० च्या आसपास स्वतःच अडवतात, ही गोष्ट वेगळीच. फोंड्याच्या एका गॅरेजमधल्या मेस्तांना मी माझे असेच एक रेकॉर्डिंग मोठ्या हौसेने ऐकवले होते. त्यांनी हात पुसत विचारले, "गाडी उभी होती ना? ओझं नसलं की इंजिन नुसतं ओरडतं, बोलत नाही." तेव्हापासून मी चढच शोधतो. दुसऱ्या गिअरमध्ये २,००० फेऱ्यांपासून एकाच दाबाने ४,५०० पर्यंत जावे आणि मग पाय पूर्ण उचलून गाडी गिअरमध्येच मंदावू द्यावी. साध्या हॅचबॅकमध्ये याला ताशी ६० च्या आसपासचा वेग पुरतो, त्याहून जोरात पळवण्याची गरज नसते. पाय उचलल्यानंतरचा घरघरता उतार कापू नये. संपादनात सगळ्यात आधी तोच शोधला जातो आणि नेमका तोच कोणाकडे नसतो. अशा पाच फेऱ्या घ्याव्यात.

बॉनेटखाली आणि आत

दुसरा माईक एअर फिल्टरच्या पेटीजवळ, पट्टा आणि पंख्यापासून दूर, वायर प्लॅस्टिकच्या पट्टीने जखडून लावावा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून तिथे लोंबती वायर म्हणजे अपघाताला आमंत्रण. आतला आवाज हवा असेल तर काचा आणि एसी बंद करून चालकाच्या डोक्यामागे माईक ठेवावा. काही गाड्या इंजिनाचा बनावट आवाज आतल्या स्पीकरवर वाजवतात, तेव्हा आपण काय टिपत आहोत याची आधी खात्री करून घ्यावी.

जुळवणी

दोन्ही माईक एकाच रेकॉर्डरवर असावेत. तो आणि कॅमेरा सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर डिकीचे झाकण एकदा आपटावे. तो ठोका दोन्हीकडे उमटतो आणि जुळवणी होते. संपादनात मी मागचा माईक पूर्ण ठेवतो, पुढचा त्याच्याखाली, जेमतेम जाणवेल इतका. मिश्रण आधी हेडफोनवर ऐकावे आणि नंतर फोनच्या स्पीकरवर. फोनचा स्पीकर खालचे स्वर वाजवतच नाही, म्हणून तिथे गाडी पातळ वाटली की लोक खालचा भाग वाढवत सुटतात आणि हेडफोनवर सगळा चिखल होतो. त्याऐवजी ३०० ते ६०० हर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबलने उचलावा. मूळ फाइली मात्र हात न लावता वेगळ्या ठेवाव्यात आणि नावात गाडी, गिअर आणि माईकची जागा लिहावी, कारण सहा महिन्यांनी "नवीन ऑडिओ १४" मध्ये कोणती गाडी होती ते मलाही आठवत नाही.