चर्चच्या मंडळीतील वडीलधाऱ्यांशी मैत्री कशी जोडावी

रविवारची उपासना संपल्यावर लगेच निघून न जाता, नेहमी एकाच बाकावर बसणाऱ्या एखाद्या आजींजवळ दहा मिनिटे थांबावे. केवळ प्रकृतीची विचारपूस पुरेशी नसते, मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) कोणती गीते आजी लहानपणी शिकल्या आणि कोणत्या संकटात ती त्यांच्या ओठांवर आली, हे विचारावे, कारण अशा आठवणींतूनच आपल्या खचलेल्या मनाला आधार मिळतो. आपली अडचणही मोकळेपणाने सांगून प्रार्थनेची विनंती करावी. आपली कोणाला तरी गरज आहे हे वृद्धांना कळणे, माझ्या मते, औषधाइतकेच मोलाचे असते. बायबलमधील नामी आणि तिची सून रूथ यांनीही एकमेकींना असेच सावरले होते. दृष्टी अधू झालेल्यांना आठवड्यातून एकदा घरी जाऊन शास्त्रपाठ वाचून दाखवावा आणि ठरलेला वार चुकवू नये.