अमेरिकेतल्या औषध-किमतींच्या वादातले पक्षीय दावे कसे तपासावेत

अमेरिकेत औषधांच्या किमतींचा विषय निघाला की दोन्ही पक्षांची वाक्यं ठरलेली असतात. डेमोक्रॅट म्हणतात, किमती आम्ही उतरवल्या. रिपब्लिकन म्हणतात, सरकारने किंमत बांधून दिली तर नवी औषधं निघणारच नाहीत. मग २०२५ मध्ये रिपब्लिकन अध्यक्षच परदेशातल्या किमतींशी बरोबरी करायला लावणारा आदेश काढतात, आणि वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. या वादावर लिहिणाऱ्या, त्यावर वादविवाद स्पर्धेत बोलणाऱ्या किंवा तिथल्या ज्येष्ठ नातेवाइकांच्या औषधखर्चाचा हिशेब पाहणाऱ्या कोणालाही पुढची पद्धत वापरता येईल. दावा कानावर आला की आधी चार प्रश्न विचारायचे: कोणती किंमत, ती कोणाला लागू, कधीपासून, आणि आकडा कोणत्या मसुद्यावर काढलेला. दावा कोणत्या पक्षाचा, हे सगळ्यात शेवटी पाहायचं. क्रम उलटा केला की चूक ठरलेलीच.

आधी किंमत ओळखा

अमेरिकेत एकाच औषधाला निदान तीन किमती असतात. पहिली, कंपनीने जाहीर केलेली किंमत. दुसरी, निव्वळ किंमत. विमा कंपन्यांच्या वतीने औषधांचे सौदे करणारे मध्यस्थ कंपनीकडून मागाहून परतावा घेतात. तो वजा केल्यावर उरते ती ही रक्कम, आणि ती सहसा गुप्त असते. तिसरी, दुकानात रुग्णाच्या खिशातून जाणारी रक्कम. राजकारणी बहुतेक वेळा पहिली किंमत वापरतात, कारण तिच्यातली घट मोठी दिसते.

ऑगस्ट २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्टने मेडिकेअरला, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांच्या सरकारी विम्याला, औषधकंपन्यांशी किमतीची वाटाघाट करण्याचा अधिकार दिला. पहिल्या १० औषधांच्या ठरलेल्या किमती १५ ऑगस्ट २०२४ ला जाहीर झाल्या आणि १ जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या. मधुमेहाच्या जानुवियाची ३० दिवसांची जाहीर किंमत ५२७ डॉलर होती, ती ११३ झाली. रक्त गोठू नये म्हणून देतात ते एलिक्विस ५२१ वरून २३१ वर आलं. रक्ताच्या कर्करोगावरचं इम्ब्रुविका १४,९३४ वरून ९,३१९ वर. म्हणून ‘३८ ते ७९ टक्के घट’ हा आकडा सगळीकडे फिरला.

तो खोटा नाही. पण मेडिकेअर आधीसुद्धा पूर्ण जाहीर किंमत मोजत नव्हतं. निव्वळ किमतीशी तुलना करून सरकारी यंत्रणेनेच सांगितलं की हे दर २०२३ मध्ये लागू असते तर सुमारे ६ अब्ज डॉलर, म्हणजे २२ टक्के वाचले असते. फरक इतका मोठा कसा, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहा. जाहीर किंमत १०० डॉलर, परतावा ४५, निव्वळ ५५. ठरलेली किंमत ४३. जाहीर किमतीच्या हिशेबाने घट ५७ टक्के, निव्वळ किमतीच्या हिशेबाने साधारण २२ टक्के. बातमीत नुसती टक्केवारी असेल आणि ती कोणत्या किमतीवर काढली ते दिलं नसेल, तर तो आकडा पुढे नेऊ नका.

मात्र ‘मग २२ टक्केच खरं’ असंही धरून चालू नका. विम्यातली वजावट, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी रुग्णाने स्वतः भरायची रक्कम, अजून पूर्ण झालेली नसते तेव्हा, किंवा रुग्णाला बिलाचा ठरावीक टक्का भरावा लागतो तेव्हा, त्याचा हिस्सा बहुधा जाहीर किमतीवर काढला जातो. परतावा मध्यस्थ आणि विमा कंपनीकडे जातो, रुग्णाकडे नाही. तेव्हा सरकारी तिजोरीवरचा परिणाम सांगायचा तर निव्वळ किंमत घ्या, आणि रुग्णाचा भार सांगायचा तर त्याने प्रत्यक्ष भरलेली रक्कम घ्या. दोन्ही एकाच वाक्यात कोंबल्या की वाक्य चुकतं.

एक सोपी चाचणीही हाताशी ठेवा. कोणतीही किंमत १०० टक्क्यांहून जास्त उतरू शकत नाही. १०० टक्के उतरली की ती शून्य होते. डोनाल्ड ट्रम्प यांनी २०२५ मध्ये किमती १,००० टक्के, १,५०० टक्के उतरतील अशी विधानं केली. असा आकडा ‘अतिशयोक्ती’ म्हणून सोडून न देता गणिताने अशक्य आहे असं स्पष्ट लिहा.

कोणाला लागू, कोणाला नाही

इन्सुलिनचं उदाहरण सगळ्यात उपयोगी आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंनी श्रेय ओढलं जातं. महिन्याला ३५ डॉलरची कमाल मर्यादा २०२२ च्या कायद्याने आणली, ती फक्त मेडिकेअरपुरती. दुकानातून घेतलेल्या इन्सुलिनला ती १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली, पंपातून घेतल्या जाणाऱ्याला १ जुलै २०२३ पासून. खासगी विमाधारकांनाही ती देण्याची तरतूद सेनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, ५७ विरुद्ध ४३ अशी पडली. बहुमत होतं, आणि बाकी कायद्याला तेवढं पुरतही होतं, पण अर्थसंकल्पी विधेयकाच्या नियमांत न बसणाऱ्या या तरतुदीला लागत होती ६० मतं. बाजूने मत देणाऱ्यांत ७ रिपब्लिकन होते. म्हणून ‘बायडेन यांनी सर्वांचं इन्सुलिन ३५ डॉलर केलं’ हे चूक, आणि ‘रिपब्लिकनांनी एकजुटीने अडवलं’ हेही चूक.

त्याआधी, २०२१ पासून, ट्रम्प प्रशासनाने आखलेल्या एका ऐच्छिक योजनेत मेडिकेअरच्या सहभागी विमा योजनांत ३५ डॉलरचं इन्सुलिन मिळत होतं. ‘सहभागी’ हा शब्द गाळला की दावा फुगतो.

तिसरा धागा तर प्रचारात जवळजवळ येतच नाही. मार्च २०२३ मध्ये लिली, नोव्हो नॉर्डिस्क आणि सॅनोफी या तिन्ही मोठ्या उत्पादकांनी जुन्या इन्सुलिनच्या जाहीर किमतीत ७० टक्क्यांच्या आसपास कपात घोषित केली. जनमताचा दबाव होताच, पण २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅन कायद्यातली एक तरतूदही कारणीभूत होती. गरिबांच्या मेडिकेड विम्याला कंपनीने द्यायच्या परताव्यावर जी कमाल मर्यादा होती, ती जानेवारी २०२४ पासून उठणार होती. ज्या औषधाची किंमत महागाईपेक्षा कितीतरी वेगाने वाढवत नेली, त्यावर कंपनीला मेडिकेडला विक्रीच्या किमतीहून जास्त परतावा द्यावा लागला असता. किंमत चढी ठेवणंच तोट्याचं झालं. एखाद्या घटीचं श्रेय कोणाला, असा प्रश्न आला की अशी बाजूला पडलेली तरतूद शोधा. बऱ्याचदा खरं काम तिनेच केलेलं असतं.

‘वाटाघाट’ की ‘किंमतबंदी’

इथे दोन्ही पक्ष शब्दावरच भांडतात, त्यामुळे तुम्ही यंत्रणा पाहा. सरकार प्रस्ताव देतं, कंपनी प्रतिप्रस्ताव देते, बैठका होतात; एवढ्यापुरती ती वाटाघाट आहे. पण कायद्यात आधीच छत घातलेलं आहे. सरकारबाहेरच्या खरेदीदारांना कंपनीला मिळणाऱ्या सरासरी किमतीच्या ७५ टक्के, औषध १२ ते १६ वर्षं जुनं असेल तर ६५ टक्के, १६ वर्षांहून जुनं असेल तर ४० टक्के, याच्यावर ठरलेली किंमत जाऊ शकत नाही. आणि कंपनीने नाकारलं तर त्या औषधाच्या विक्रीवर कर बसतो, किंवा तो टाळायला कंपनीला आपली सगळीच औषधं मेडिकेअर आणि मेडिकेडमधून काढून घ्यावी लागतात. आमच्या मते याला छत घातलेली सौदेबाजी म्हणणं सर्वात प्रामाणिक. नुसतं ‘वाटाघाट’ म्हटलं तर सक्ती लपते, नुसतं ‘किंमतबंदी’ म्हटलं तर हा नियम मेडिकेअरबाहेरच्या विक्रीला लागू नाही हे लपतं.

या कराचा आकडा दोन रूपांत भेटेल: ९५ टक्के आणि १,९०० टक्के. दोन्ही एकाच कराचे. कायदा टक्केवारी किंमत अधिक कर या बेरजेवर मोजतो. १०० डॉलरच्या औषधावर १,९०० डॉलर कर, एकूण २,००० पैकी १,९०० म्हणजे ९५ टक्के. फक्त किमतीशी तुलना केली तर १,९०० टक्के. सुरुवात मात्र ६५ टक्क्यांपासून होते आणि टप्प्याटप्प्याने वाढते, हे विरोधक सांगत नाहीत.

नवी औषधं किती बुडतील

हा वादाचा गाभा आहे आणि इथे घाई करू नये. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निःपक्ष अर्थसंकल्प कार्यालयाचा, सीबीओचा, अंदाज असा की ३० वर्षांत अपेक्षित सुमारे १,३०० नव्या औषधांपैकी १३ कमी येतील. शिकागो विद्यापीठातले टॉमस फिलिप्सन आणि सहकाऱ्यांचा अंदाज २०३९ पर्यंत १३५ कमी. भाषणात हे दोन आकडे एकमेकांवर फेकले जातात. तुम्ही ते शेजारी ठेवण्याआधी दोन गोष्टी पाहा. १३५ चा अंदाज नोव्हेंबर २०२१ चा, म्हणजे याच विधेयकाच्या जुन्या, वेगळ्या मसुद्यावरचा. सीबीओचा आकडा मंजूर कायद्यावरचा. शिवाय महसूल घटला की संशोधनाचा खर्च किती घटतो, याबद्दलचं गृहीतक दोघांचं वेगळं आहे, आणि बहुतेक तफावत अशाच गृहीतकांतून येते.

आक्षेपाचा एक भाग आम्हाला खरा वाटतो. गोळ्या-कॅप्सूलसारख्या लहान रेणूंच्या औषधांना ठरलेली किंमत मंजुरीनंतर लवकरात लवकर ९ वर्षांनी लागू होते, तर सजीव पेशींपासून बनणाऱ्या बायोलॉजिक औषधांना १३ वर्षांनी. गुंतवणूकदार गोळीपेक्षा इंजेक्शनकडे झुकण्याचा धोका यातून येतो, आणि रुग्णाच्या सोयीच्या दृष्टीने ते उलटं आहे. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी हे अंतर मिटवण्याची भूमिका अध्यक्षीय आदेशातून घेतली. पण अंतर दोन्ही दिशांनी मिटवता येतं. गोळ्यांना १३ वर्षं दिली तर सरकारची बचत घटते. दोघांनाही मधली मुदत दिली तर हिशेब वेगळा. ‘दुरुस्ती’ म्हणणाऱ्याला कोणती मुदत हवी, हे विचाराच.

मतदानाची नोंद काढा

काँग्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावर एच.आर. ५३७६, म्हणजे २०२२ च्या याच कायद्याचा विधेयक क्रमांक, शोधा. सापळा असा की या एकाच क्रमांकाखाली प्रतिनिधीगृहाची दोन मतदानं आहेत. १९ नोव्हेंबर २०२१ चं २२० विरुद्ध २१३ हे मूळच्या खूप मोठ्या विधेयकावरचं. १२ ऑगस्ट २०२२ चं २२० विरुद्ध २०७ हे कायदा झालेल्या मसुद्यावरचं. फिलिप्सन यांचा १३५ हा आकडा पहिल्याशी जोडलेला आहे. सेनेटचं मतदान ७ ऑगस्ट २०२२ चं, ५१ विरुद्ध ५०, उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या निर्णायक मतासह. बाजूने एकही रिपब्लिकन नव्हता.

एवढ्यावर ‘रिपब्लिकन किंमत-मर्यादांच्या विरोधात’ असं लिहू नका. मागेपुढे पाहा. मेडिकेअरने औषधकंपन्यांच्या सौद्यात हस्तक्षेप करू नये ही बंदी २००३ च्या कायद्यात, जॉर्ज बुश यांच्या काळात, आली. २०१९ मध्ये रिपब्लिकन सिनेटर चक ग्रासली यांनीच डेमोक्रॅट रॉन वायडन यांच्यासोबत महागाईपेक्षा जास्त दरवाढीवर दंडाची तरतूद पुढे नेली. त्याच वर्षी डेमोक्रॅटांचं एच.आर. ३ प्रतिनिधीगृहात २३० विरुद्ध १९२ ने मंजूर झालं. त्यात सहा देशांतल्या सरासरी किमतीच्या १२० टक्के ही कमाल मर्यादा होती. रिपब्लिकनांनी ते समाजवादी ठरवलं. नोव्हेंबर २०२० मध्ये ट्रम्प प्रशासनाने परदेशी किमतींना बांधलेला स्वतःचा नियम काढला, न्यायालयांनी तो रोखला, आणि बायडेन प्रशासनाने २०२१ च्या अखेरीस रद्द केला. १२ मे २०२५ च्या आदेशाने ट्रम्प पुन्हा तिथेच आले. मतभेद ‘मर्यादा हवी की नको’ यापेक्षा ती कोणी घालावी, कशाला जोडून घालावी आणि श्रेय कोणाला मिळावं यावर जास्त आहे.

आदेश आणि कायदा यांचं वजनही सारखं धरू नका. आदेशाने आपोआप कोणाचं बिल कमी होत नाही. त्यानंतर नियम, कंपन्यांशी करार किंवा नवा कायदा लागतो, आणि करार ऐच्छिक असेल तर त्याच्या अटी पाहिल्याशिवाय बचत किती ते सांगता येत नाही.

घरातलं कोणी मेडिकेअरवर असेल तर

राजकारण बाजूला ठेवून एक तरतूद नीट समजून घ्या. दुकानातून घेतलेल्या औषधांसाठी रुग्णाने वर्षभरात भरायच्या रकमेला २०२५ मध्ये २,००० डॉलरची मर्यादा आली. २०२६ मध्ये ती २,१०० आहे. या मर्यादेत विम्याचा मासिक हप्ता मोजला जात नाही. विमा योजनेच्या यादीत नसलेलं औषध मोजलं जात नाही. दवाखान्यात शिरेतून दिली जाणारी औषधं मेडिकेअरच्या दुसऱ्या भागात मोडतात, तीही नाहीत. कर्करोगाच्या रुग्णांच्या घरात गैरसमज इथेच होतो. खर्च जानेवारी-फेब्रुवारीतच एकदम अंगावर येणार असेल तर तो महिन्यांत वाटून भरण्याची बिनव्याजी सोय २०२५ पासून आहे. त्यासाठी विमा योजनेकडे स्वतः नाव नोंदवावं लागतं. वर्षाच्या सुरुवातीला नोंदवलं तर रक्कम बारा महिन्यांत पसरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नोंदवलं तर पसरायला महिनेच उरत नाहीत.