फॅल्झर वाइनश्टाइग एका दमात: निघण्याआधीची तयारी

नैऋत्य जर्मनीतल्या फाल्झ भागात बोकेनहाइमपासून फ्रान्सच्या सीमेवरच्या श्वायगेनपर्यंत सुमारे 170 किलोमीटरची ही पायवाट आहे. चालणारे ती 11 टप्प्यांत करतात. सलग पळायची ठरवली, तर आधी कॅलेंडर आणि घड्याळ घेऊन बसा. बुटांचं नंतर बघू. थांबे धरून ताशी पाच किलोमीटर पडले तरी 34 तास होतात, म्हणजे एक अख्खी रात्र ठरलेली. गावं साधारण 150 ते 250 मीटर उंचीवर, आणि सगळ्यांत उंच माथा काल्मिट फक्त 673 मीटर. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला हे आकडे किरकोळ वाटतील. पण वाट दर थोड्या वेळाने जंगलातून द्राक्षबागांत उतरते आणि पुन्हा वर चढते. मांड्या जातात त्या उतारांवर.

मे किंवा सप्टेंबरचा शेवट धरा. जुलै-ऑगस्टमध्ये बागांमधले काँक्रीटचे रस्ते तापतात आणि आडोसा नसतो. नाशिककडची मांडवावरची बाग डोळ्यांसमोर असेल तर ती विसरा; इथल्या वेली तारांवर उभ्या बांधलेल्या असतात, दुपारी सावली मिळालीच तर गुडघ्यापर्यंत. सप्टेंबरात हवा बरी असते, पण काढणी चालू असते. अरुंद रस्त्यावर ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर येतात, तेव्हा बाजूला होऊन थांबायचं आपण. पाखरं हाकलायला लावलेल्या गॅसच्या तोफा अचानक धडाडतात, दचकून पाय मुरगळू देऊ नका. घड तोडू नका, ती चोरीच. ऑक्टोबरपासून जंगलात हाका घालून शिकारी होतात. वाट बंद असल्याची पाटी दिसली तर गुमान वळसा घ्या.

आता पाणी, कारण या वाटेवर घोटाळा होतो तो इथेच. खाली सतत गावं दिसत राहतात, म्हणून लोक अर्धा लिटर घेऊन निघतात. पण जमीन तांबड्या वालुकाश्माची, पाऊस झिरपून जातो, आणि माथ्यावर भरवशाचे झरे कमीच. गावात उतरलं तरी रविवारी दुकानं बंद, आणि रात्री तर सगळंच. जंगलातल्या फॅल्झरवाल्ड संघाच्या (इथल्या गिर्यारोहक-भटक्यांच्या संघटनेच्या) झोपड्यांमध्ये खायला-प्यायला छान मिळतं, पण बऱ्याच फक्त शनिवार-रविवारी, काही जोडीला बुधवारी उघडतात, आणि संध्याकाळी लवकर आवरतात. म्हणजे शनिवारी दुकानं उघडी पण रात्र कोरडी, आणि रविवारी झोपड्या उघड्या पण दुकानं बंद. प्रत्येक झोपडीची वेळ आठवडाभर आधी तपासा आणि आपण तिथे कधी पोहोचू ते शेजारी लिहा. गावातल्या कारंज्यावर ‘कायन ट्रिंकवासर’ लिहिलं असेल तर ते पिण्याचं पाणी नाही. स्मशानभूमीच्या आवारात नळ असतो, वेळेला उपयोगी पडतो, पण पाटी तिथेही वाचा. एकूण दोन लिटरची सोय अंगावर असू द्या. थंडाव्यात तासाला अर्धा लिटर, उन्हात पाऊण. त्याहून जास्त ढोसू नका. बोटं सुजली, अंगठी घट्ट झाली, डोकं जड होऊन मळमळायला लागलं, तर पाणी जास्त आणि मीठ कमी झाल्याचा संशय घ्या.

खाण्याचा हिशेब सरळ आहे. तासाला 60 ग्रॅम कर्बोदकं धरली तर 34 तासांत दोन किलोच्या वर जातात. एवढं पाठीवर घेऊन कोणी पळत नाही, म्हणून गाडीने भेटणारा मदतनीस हवा. नॉयश्टाट, आनवायलर आणि क्लिंगेनम्युन्स्टर ही भेटीची सोयीची ठिकाणं. एका मोठ्या मेडजूल खजुरात 16 ते 18 ग्रॅम मिळतात, बिया घरीच काढा. दोनशे ग्रॅम उकडलेला बटाटा मीठ लावून घेतला की 35 ग्रॅमच्या आसपास. गोडाचा वीट येतो तेव्हा तोच पोटात जातो. राजगिऱ्याचे लाडू आवडत असले तरी कोरड्या तोंडात त्यांचा भुगा होतो, ठसका लागतो; ते पहिल्या चार तासांत संपवा. झोपडीत द्राक्षरस आणि सोडा अर्धा-अर्धा मागा, अर्ध्या लिटरमध्ये जवळपास 40 ग्रॅम साखर. शेजारी अर्ध्या लिटरच्या ग्लासात वाइन-सोडा आणि यकृताचे गोळे चाललेले असतील, त्यांच्याकडे बघू नका. पैसे रोख ठेवा, सुटे.

बुटाच्या तळाला चार मिलिमीटरच्या आसपास खोल नक्षी पुरे. खोल दात मातीत बरे, पण मैलोन्मैल काँक्रीटवर तेच तळव्याला टोचतात. पाय सुजतात, म्हणून अर्धा नंबर मोठा. वाळू बुटात शिरते आणि मोज्यावर पॉलिश पेपरचं काम करते. घोट्यावर पातळ गेटर (बुटाचं तोंड झाकणारं कापडी आवरण) लावा. चुरचुर जाणवली की त्याच क्षणी बसून टेप मारा. शरदात बीच झाडांच्या गळलेल्या पानांखाली मुळं-दगड लपतात आणि चेस्टनटची काटेरी बोंडं गोट्यांसारखी घरंगळतात, उतारावर पाऊल आखूड ठेवा. काठ्या घडीच्या घ्या, बागांतल्या काँक्रीटसाठी टोकाला रबरी टोप्या.

सप्टेंबरअखेर रात्र साधारण बारा तासांची. जंगलात डोक्यावरच्या दिव्याची बॅटरी 250 लुमेन उजेडावर बारा तास टिकते का ते घरी अंधारात लावून तपासा. खोक्यावरचा आकडा बहुधा मंद उजेडाचा असतो. दुसरी बॅटरी थंडीत अंगाजवळच्या खिशात. ट्रॅक फोनमध्ये ऑफलाइन आणि घड्याळातही, कारण दऱ्यांमध्ये रेंज जाते.

गवतातून गेल्यावर गोचीड शोधणं टाळू नका: गुडघ्यामागे, जांघेत, कमरपट्ट्याखाली. चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढा. तेल, तूप, चटका काही नको. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाच्या शंकेने डॉक्टर गाठा. दुखलं म्हणून पळताना आयब्युप्रोफेन घेऊ नका. पाणी कमी झालेल्या मूत्रपिंडावर तो मोठा ताण आहे.

सरावात चढापेक्षा उतार मोजा. पुण्यात असाल तर सिंहगड चढून गाडीने खाली येण्याची सवय सोडा, उतरताना पळा. शनिवारी 40 आणि रविवारी 25 किलोमीटर असा जोड दोन-तीनदा, एकदा रात्रभर, आणि शेवटचा लांब सराव तीन आठवडे आधी.

सोडायची वेळ आली तर बाड ड्युर्कहाइम, डायडेसहाइम, नॉयश्टाट, आनवायलर, बाड बेर्गत्साबर्न इथे रेल्वे आहे. शेवटच्या गाडीची वेळ कागदावर लिहून ठेवा. जंगलात ‘रेटुंग्सपुंक्ट’ (बचावाचं ठिकाण) अशा पाट्यांवर क्रमांक असतात. जाता जाता शेवटचा क्रमांक ध्यानात ठेवा. 112 या आपत्कालीन क्रमांकावर तो सांगितला की रुग्णवाहिकेला जागा सापडते. फॉइलचं ब्लँकेट आणि शिट्टी सगळ्यांत वरच्या खिशात.

श्वायगेनला वाइनच्या दगडी वेशीपाशी वाट संपते, पण तिथे रेल्वे नाही. जवळचं स्टेशन सीमेपलीकडे फ्रान्समधल्या विसेंबूर्गला, म्हणून जर्मनीत राहणाऱ्या भारतीयांनी पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवावं. कोरडा शर्ट आणि चपला मदतनीसाच्या गाडीत, पुढच्या सीटवर.