सुट्टीत मुलं घरात रमत नाहीत? या चुका टाळा

सुट्टीचे पहिले दोन-तीन दिवस मजेत जातात. मग घरात एकच पालुपद सुरू होतं: "आता मी काय करू?" आई-बाबा धावपळ करून काहीतरी विकत आणतात, ते तासाभरात कोपऱ्यात पडतं आणि पालुपद पुन्हा चालू होतं. खर्च वाढवून हे सुटत नाही. मुलांच्या खेळात आपण नको तिथे लुडबुड करतो आणि त्यांना आपण हवे असतो तेव्हा नेमके मोबाइलमध्ये असतो. बहुतेक घरांत गाडं इथेच अडतं, आणि ते सुधारायला पैसे लागत नाहीत.

"कंटाळा आला" म्हटलं की लगेच काहीतरी हातात देणं

आधी हा कंटाळाच आहे का ते बघा. भूक लागली, झोप आली, कुणीतरी जवळ हवंसं वाटलं, तरी लहान मूल "कंटाळा आला" असंच म्हणतं. जेवणाची किंवा झोपेची वेळ टळली असेल तर कुठलाही खेळ सुचवून उपयोग नाही. सकाळपासून सारखं मागे-मागे येत असेल, तर त्याला तुम्ही हवे आहात. हातातलं काम आणि फोन बाजूला ठेवून वीस मिनिटं त्याच्याजवळ बसा, तो म्हणेल ते खेळा. पोट भरल्यासारखं झालं की बरीच मुलं आपणहून उठून आपल्या उद्योगाला लागतात. दिवसभर अर्धं लक्ष देण्यापेक्षा ही वीस मिनिटं कितीतरी जास्त कामाला येतात.

आणि खरोखरचा कंटाळा असेल, तर तो थोडा वेळ राहू द्या. दहा पर्याय सुचवलेत की दहाही नाकारले जातात आणि शेवटी वाद होतो. त्याऐवजी दोन रिकामी खोकी, सुतळी आणि जुनी चादर समोर ठेवा आणि काही न बोलता आपल्या कामाला लागा.

सगळी खेळणी एकदम बाहेर ठेवणं

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. ३६ चिमुरड्यांना एकदा ४ खेळणी देऊन खेळू दिलं आणि एकदा १६. चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि ते जास्त तऱ्हांनी वापरून पाहिलं.

म्हणून घरातल्या खेळण्यांचे तीन वाटे करा. एक बाहेर ठेवा, दोन पिशवीत भरून माळ्यावर टाका आणि आठवड्याने अदलाबदल करा. दोन आठवडे न दिसलेली गाडी मुलाला नव्यासारखी वाटते. फक्त जी बाहुली किंवा जे अस्वल कुशीत घेतल्याशिवाय झोप लागत नाही, त्याला या वाटणीतून वगळा.

तयार किटच्या मागे लागणं

किटमधून ठरलेली एकच वस्तू बनते. ती बनली की खेळ संपला, आणि बिघडली की मूल रडवेलं. ज्या वस्तूचं काय करायचं हे कुणी ठरवून दिलेलं नसतं, तिच्यात मुलं जास्त रमतात. सायमन निकोल्सन या ब्रिटिश कलाकाराने १९७१ मध्ये अशा सुट्या, हलवता-जोडता येणाऱ्या वस्तूंचं महत्त्व मांडलं. त्याच्याही आधी, १९४३ मध्ये, कोपनहेगनच्या एम्ड्रप भागात लाकडाचे तुकडे, दोर आणि भंगार ठेवलेलं मैदान मुलांसाठी खुलं झालं. उद्यानरचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांची ती कल्पना होती: सजवलेल्या बागांपेक्षा मुलांना अर्धवट बांधकामाच्या जागा आवडतात, हे त्यांनी हेरलं होतं. अमेरिकेत गाजलेल्या खेळण्यांचा सन्मान करणारं एक संग्रहालय आहे. तिथे २००५ मध्ये पुठ्ठ्याच्या खोक्याला आणि २००८ मध्ये चक्क काठीला स्थान मिळालं.

चार वर्षांच्या मुलाला मोठं खोकं देऊन लांबून बघा. आधी तो आत बसतो आणि नुसताच बसतो. मग झाकण ओढून घेतो, फटीतून बघतो, बाहेर येतो, खोकं आडवं करून पुन्हा शिरतो. हे बराच वेळ चालतं आणि आपल्याला वाटतं, याला काही सुचत नाहीये. आपण म्हणतो, "चल, गाडी करूया." तो हो म्हणतो, आपण चाकं कापायला घेतो आणि पाच मिनिटांत तो निघून जातो. त्याच्या डोक्यात चाललेला खेळ आपण पुसून टाकलेला असतो. हाक मारली तरच जा. "इथे भोक पाड" म्हणाला तर तेवढंच भोक पाडा. कात्री-सुरीचं काम मात्र मोठ्यांनीच करायचं.

मातीकाम हवं असेल तर घरीच गोळा मळा: दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ आणि लागेल तसं पाणी, साधारण एक वाटी. हाताला चिकटत असेल तर चिमूट-चिमूट पीठ घाला, तडे जात असतील तर ओल्या हाताने मळा. झाकणबंद डब्यात तो काही दिवस टिकतो. त्यात मीठ भरपूर असतं, म्हणून सगळं तोंडात घालणाऱ्या लहानग्यांना आणि पाळीव प्राण्यांना तो देऊ नका.

पाण्याचे खेळही फुकटचे आणि हमखास रमवणारे: वाट्या, गाळणी, स्पंज, तरंगणाऱ्या-बुडणाऱ्या वस्तू. पण तिथून एक मिनिटही हलायचं नाही. लहान मूल अगदी थोड्या पाण्यातही बुडू शकतं. खेळ संपला की बादली लगेच रिकामी करा.

प्रत्येक गोष्टीला बक्षीस लावणं

"दोन चित्रं काढलीस तर अमुक देईन" हे सोपं वाटतं. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात आवडीने चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच प्रमाणपत्र कबूल केलं होतं. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांच्या निम्म्याच्या आसपास वेळ चित्रं काढताना दिसली. मूल ज्यात आपणहून रमतंय, त्याला भाव लावू नका.

मोबाइलवरून रोज नव्याने घासाघीस

वेळ ठरलेली नसली की दिवसभर "आता देशील?" चालू राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाहून जास्त स्क्रीन नको, त्याहून कमीच बरं. मोठ्या मुलांसाठीही रोजची एक वेळ ठरवा आणि ती तुम्हाला कामासाठी शांतता हवी असते तेव्हाचीच ठेवा. यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

बंद करताना आरडाओरडा होत असेल तर दोन गोष्टी तपासा. एक, आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोय बंद आहे का? दोन, आपण गोष्टीच्या ऐन मध्यात तर बंद करत नाही ना? भाग संपताना थांबवा आणि उठून करायचं काहीतरी तयार ठेवा.

तासातासाचं वेळापत्रक

भिंतीवरचं रंगीत वेळापत्रक चौथ्या दिवशी मोडतं. जेवण, झोप आणि अंग दमवणारा खेळ, या तीनच गोष्टींच्या वेळा पाळा. पाच वर्षांपुढच्या मुलांना रोज सरासरी तासभर दमछाक करणारी हालचाल हवी. बाहेर जाता येत नसेल तर उशा मांडून "जमिनीला पाय लावायचा नाही" खेळा. संध्याकाळची भांडणं वाढली असतील तर बहुतेकदा हा तास राहून गेलेला असतो.

भावंडांना सतत एकत्र खेळायला लावणं

मोठ्या ताईने रचलेलं धाकट्याने पाडलं की दोघंही रडतात. ताईची जागा टेबलावर, धाकट्याची जमिनीवर. टेबलावरच्या गोष्टीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा नियम मोठ्यांनीही पाळायचा. रचलेलं घर लगेच आवरायला लावू नका; रात्रभर राहिलं तर सकाळी खेळ तिथूनच पुढे सुरू होतो.

मदतीच्या नावाखाली खोटं काम देणं

आपण केलेलं काम मोठी माणसं मागून पुन्हा करतात, हे मुलांना बरोबर कळतं. मोज्यांच्या जोड्या लावणं, झाडांना पाणी घालणं, ताटं मांडणं अशी खरी कामं द्या आणि झाली तशी राहू द्या.

शेवटचा आठवडा विसरणं

सुट्टीत झोप हळूहळू पुढे सरकते आणि शाळेच्या पहिल्या सकाळी घरात रडारड होते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. शाळा सुरू व्हायच्या आठ-दहा दिवस आधीपासून झोपण्याची आणि उठण्याची वेळ रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. सकाळी उठवल्यावर पडदे उघडा, रात्री झोपण्याआधीचा तासभर स्क्रीन बंद ठेवा. एखादी रात्र चुकली तर एकदम तासभर मागे ओढू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा पंधरा मिनिटांनीच सुरुवात करा.