आपल्या एरियातला ओझोन लिमिटमध्ये आहे का, कसं बघायचं

जमिनीजवळच्या हवेतला ओझोन हा प्रदूषण करणारा वायू, तो थेट सायलेन्सरमधून निघत नाही, गाड्यांचा धूर आणि पेट्रोल, पेंटची वाफ कडक उन्हात एकत्र आली की तयार होतो, म्हणून २४ तासांच्या सरासरीवर जाऊच नका, दुपारचे आकडे बघा. सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) साइटवर जवळचं हवा मोजणारं स्टेशन निवडून ओझोनचा तासातासाचा डेटा डाउनलोड करायचा. हवेच्या दर्जाच्या २००९ च्या नियमात ८ तासांची लिमिट १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, १ तासाची १८०, आणि वर्षातला ९८ टक्के वेळ त्याच्या आतच राहायला पाहिजे. सलग दोन दिवस लिमिट ओलांडलेली दिसली तर पुढच्या चौकशीला तेवढं कारण पुरेसं आहे असं नियमातच लिहिलंय, तेव्हा त्या तारखा आणि आकडे टाकून प्रदूषण नियंत्रण मंडळाला मेल कराच, अगदी बिनधास्त.