पेटी जड की द्राक्षं? इंग्रजी वाक्यातला सिंपल सब्जेक्ट कसा हुडकायचा

सिडकोतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी बारा वर्षं इंग्रजीची शिकवणी घेते. पहिल्या दिवशी फळ्यावर एकच वाक्य असतं : 'द बॉक्स ऑफ ग्रेप्स इज हेवी.' सब्जेक्ट, म्हणजे कर्ता, कुठला असं विचारलं की अर्धी मुलं 'ग्रेप्स' म्हणून ओरडतात. ओरडणारच. नाशिकची पोरं, त्यांना पेटीच्या आधी द्राक्षं दिसतात.

मी त्यांना हसत नाही, कारण हीच चूक मी पगार घेऊन केलेली आहे. पिंपळगाव बसवंतला एका द्राक्ष एक्स्पोर्टरकडे पत्रव्यवहार बघायचे तेव्हा परदेशी गिऱ्हाइकाला मी लिहिलं होतं, 'द क्वालिटी ऑफ द ग्रेप्स आर एक्सलंट.' तिथले वयस्कर हेडक्लार्क प्रत्येक मेल आधी कागदावर काढून वाचायचे. त्यांनी 'आर'भोवती लाल गोल केला नि विचारलं, "ताई, क्वालिटी एक आहे का चार?"

"पण काका, द्राक्षं तर पुष्कळ आहेत ना?"

"द्राक्षं एक्सलंट आहेत असं लिहिलंयत का तुम्ही? क्वालिटी एक्सलंट आहे असं लिहिलंय."

तो कागद कुठे गेला माहीत नाही, पण तो लाल गोल अजून डोळ्यांसमोर आहे.

तर कृती. सब्जेक्टच्या मागे लगेच धावू नका, आधी व्हर्ब, म्हणजे क्रियापद, पकडा. वाक्य मनातल्या मनात कालचं करून बघायचं; जो शब्द बदलतो तो व्हर्ब. 'द ओल्ड स्टेप्स नियर रामकुंड गेट स्लिपरी इन जुलै.' कालचं केलं की 'गेट'चं 'गॉट' होतं, बाकी काही हलत नाही. आता 'गेट'ला विचारा : निसरडं कोण होतं? जुन्या पायऱ्या, रामकुंडाजवळच्या. हा झाला कम्प्लीट सब्जेक्ट, म्हणजे अख्खी वरात. त्यातला नवरदेव एकटा 'स्टेप्स'. तोच सिंपल सब्जेक्ट.

वरातीतून नवरदेव वेगळा काढायला शाळेत सांगतात की ऑफ, इन, नियर, विथ, फ्रॉम असे शब्द (प्रिपोझिशन) आणि त्यांच्यानंतर येणारं नाम खोडून टाका. बरोबर आहे, पण आमच्या मुलांना प्रिपोझिशनची यादीच पाठ नसते. म्हणून मी मराठीची मदत घेते. सब्जेक्टचा तुकडा मराठीत म्हणा : 'द्राक्षांची पेटी.' ज्याला चा-ची-चे लागलं ते खोडा. द्राक्षं गेली, पेटी उरली. 'रामकुंडाजवळच्या जुन्या पायऱ्या' यात 'जवळच्या'सकट रामकुंड गेलं, 'जुन्या' हे विशेषण गेलं, पायऱ्या उरल्या. आपल्याकडे मुख्य नाम शेवटी येतं आणि इंग्रजीत ते 'ऑफ'च्या आधी बसतं. मुलं मराठीच्या सवयीने शेवटचं नाम उचलतात, तिथेच घोळ होतो.

ही युक्ती एका ठिकाणी तर पुस्तकापेक्षा भारी चालते. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या. 'ची' आली, विद्यार्थी गेले, संख्या उरली, म्हणून पुढे 'इज'. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स' म्हणजे बरेच विद्यार्थी. इथे चा-ची-चे नाहीच, म्हणून विद्यार्थी शाबूत आणि पुढे 'आर'. 'अ लॉट ऑफ पीपल'चंही तेच, पुष्कळ लोक. काटेकोर पुस्तकवाले इथे 'लॉट'लाच सिंपल सब्जेक्ट म्हणतील. म्हणोत, व्हर्ब 'पीपल'चंच ऐकतो.

'वन ऑफ माय कझिन्स लिव्ह्ज इन देवळाली' यातही भावंडांपैकी एक, म्हणजे 'वन'. 'लिव्ह्ज'मधला शेवटचा एस त्या 'वन'साठी आहे.

आता मराठी आपल्याला फसवते ती जागा. नववीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "मॅडम, 'आय लाइक मिसळ'मध्ये सब्जेक्ट मिसळच ना?" मी लगेच नाही म्हणणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की पोरगी मराठीच्या हिशेबाने अगदी बरोबर बोलतेय. मला मिसळ आवडते, मला पोहे आवडतात. क्रियापद मिसळीच्या नि पोह्यांच्या मागे फिरतं, 'मला'ला कुणी विचारत नाही. 'मला दोन भाऊ आहेत' हेही तसंच, 'आहेत' हे भावांमुळे. इंग्रजीत मात्र 'आय लाइक मिसळ', 'आय लाइक पोहे'. पदार्थ बदलला तरी 'लाइक' तसाच. 'आय'च्या जागी 'शी' ठेवला की लगेच 'लाइक्स'. म्हणजे व्हर्बची दोरी कुणाच्या हातात आहे ते दिसलं. 'आई पेढा खाते' सोपं, पण 'आईने पेढे खाल्ले' म्हटलं की मराठी पुन्हा पेढ्यांकडे वळते. म्हणून मराठीत ने किंवा मला-तुला आलं की भाषांतरावर विसंबू नका. इंग्रजी वाक्यातलं नाम एकाचं अनेक करून बघा. ज्याच्या बदलाने व्हर्बही बदलावा लागतो, तो सब्जेक्ट. भूतकाळात 'एट' कुणासाठीच बदलत नाही, तिथे आधी वाक्य आजचं करून घ्या.

जागा बदललेल्या सब्जेक्टलाही मुलं चुकतात. 'एव्हरी ट्वेल्व्ह इयर्स द सिंहस्थ ब्रिंग्ज पिलग्रिम्स टू नाशिक.' पहिलं नाम 'इयर्स' आहे म्हणून ते उचलायचं नाही. 'ब्रिंग्ज'ला विचारा, भाविक कोण आणतं? सिंहस्थ. 'ऑन द त्रिरश्मी हिल स्टँड ट्वेंटी-फोर केव्ह्ज' यात तर सब्जेक्ट वाक्याच्या शेपटाला आहे, 'केव्ह्ज'. 'देअर'ने सुरू होणाऱ्या वाक्यात 'देअर'ला मोजायचंच नाही. 'देअर आर टू बसेस' म्हणजे 'बसेस'. प्रश्न असेल तर आधी त्याचं साधं वाक्य करा. 'क्लोज द डोअर'सारख्या हुकमात लपलेला 'यू'. ही सगळी एका तासाची कामं, त्यात फार रेंगाळू नये.

'अँड'ने जोडलेले दोघं असतील तर दोघंही घ्यायचे, मग एका मांडवात दोन नवरदेव. पण 'अलाँग विथ' किंवा 'ॲज वेल ॲज'ने आलेला पाहुणा. 'द टीचर, अलाँग विथ हर स्टुडंट्स, इज वेटिंग ॲट द बस स्टँड.' मुलं चाळीस असली तरी सब्जेक्ट 'टीचर' एकटीच. सहलीच्या दिवशी मला हे वाक्य फार खरं वाटतं.

लांब वाक्यात दोन व्हर्ब दिसले की घाबरू नका. 'द स्टॉल दॅट सेल्स भजी अँड वडापाव ओपन्स ॲट सिक्स.' मराठीत म्हणा, भजी-वडापाव विकणारी टपरी सहाला उघडते. 'विकणारी' हे नुसतं विशेषण झालं, खरं काम 'उघडते'चं. टपरी उरली, म्हणजे 'स्टॉल'.

गृहपाठ म्हणून मी वाक्यं लिहून देत नाही. रस्त्यावरच्या इंग्रजी पाट्या वाचा, सब्जेक्टखाली मनात रेघ ओढा आणि चुकलेली सापडली तर फोटो आणा. गेल्या पावसाळ्यात आठवीतला एक जण मोबाइल नाचवत आला : 'द यूज ऑफ प्लास्टिक बॅग्ज आर प्रोहिबिटेड.' पिशव्यांचा वापर, 'चा' खोडा, 'यूज' उरला, 'इज' हवं होतं. शाब्बास म्हणून फोटो मोठा करून बघितला, तर 'आर'वर काळ्या मार्करची ताजी काट होती आणि वर बारीक अक्षरात 'इज'. अक्षर ओळखीचं होतं. मी काही विचारलं नाही.